फोर्टीनाइनर्सचे रिसीव्हर आणि दुखापतींच्या याद्या: पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाचा 2025 चा हंगाम 7 सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये सुरू झाला. त्याआधीच्या महिनाभराच्या चर्चेत रिसीव्हरांच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूंच्या) खेळापेक्षा त्यांच्या दुखापतींविषयीच जास्त बोलले गेले. चार वर्षांचा 12 कोटी डॉलरचा करार असलेला पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे मुख्य, रिसीव्हर पीयूपी यादीत (शिबिराच्या तपासणीत नापास झालेल्यांच्या) होता. त्याचा जोडीदार 2024 मध्ये याच सुमारास एनएफआय यादीत (फुटबॉलबाहेरच्या दुखापतींच्या) गेला होता, आणि बाकीच्यांपैकी कोणाला आयआरवर, म्हणजे दुखापतग्रस्तांच्या राखीव यादीवर, पाठवायचे व कोणाला 53 जणांच्या अंतिम संघात ठेवून वाट पाहायची, याची मोजदाद चालू होती. चाहते या तिन्ही याद्यांचा अर्थ ‘दुखापतग्रस्त’ एवढाच घेतात. प्रत्यक्षात खेळाडू किमान किती सामन्यांना मुकणार, त्याला पगार मिळणार की नाही आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेता येणार की नाही, हे सारे यादीवरून ठरते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा आणि सनीवेल भागातल्या अनेक मराठी घरांतही रविवारी हा खेळ पाहिला जातो आणि तिथेही हाच घोळ कानावर येतो, म्हणून या याद्या इथवर कशा आल्या ते नीट मांडणे गरजेचे वाटते.

जुना भाग थोडक्यात सांगता येईल. ठरलेल्या संख्येबाहेरचे खेळाडू हाताशी ठेवण्याची धडपड लीगइतकीच जुनी आहे. 1940 च्या दशकात क्लीव्हलंडच्या संघमालकाने जादा खेळाडू आपल्या टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर ठेवले होते. 1980 च्या दशकात आयआरवर गेलेला खेळाडू काही आठवड्यांनी परत येऊ शकत असे. 1986 मध्ये फोर्टीनाइनर्सच्या क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पाठीवर सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली आणि 9 नोव्हेंबरला तो मैदानात होता. त्या दिवशीचे त्याचे तिन्ही टचडाउन (शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवून देणारे) पास दुसऱ्याच हंगामात खेळणाऱ्या एका तरुण रिसीव्हरने झेलले. मात्र याच सवलतीचा आडोसा घेऊन काही संघ धडधाकट खेळाडूंना किरकोळ दुखण्याच्या नावाखाली राखीव यादीत दडवून ठेवू लागले. त्यामुळे नव्वदच्या दशकात नियम पार दुसऱ्या टोकाला गेला आणि आयआर म्हणजे हंगाम संपला, असे समीकरण झाले.

त्या कठोर नियमाचे परिणाम या संघाने 1997 मध्ये जवळून पाहिले. 1986 मधला तो तरुण रिसीव्हर तोवर लीगमधला सर्वोत्तम ठरला होता आणि आधीच्या बारा हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नव्हता. 31 ऑगस्टला टॅम्पामध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात चेंडू घेऊन धावताना प्रतिस्पर्ध्याने त्याला पकडून खाली ओढले आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले. आयआरवर टाकले असते तर हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात तो उपलब्ध झालाच नसता, म्हणून संघाने त्याची जागा अडवून ठेवली आणि तब्बल 15 आठवडे एक माणूस कमी घेऊन निभावले. 15 डिसेंबरच्या रात्री डेन्व्हरविरुद्ध तो परतला. त्याने टचडाउन झेलला, पण जमिनीवर आदळताना त्याच डाव्या गुडघ्याची वाटी तडकली आणि उरलेला हंगाम गेलाच. पुढच्या वर्षी त्याने 82 झेल आणि 1,157 यार्ड मिळवले, त्यामुळे ही आठवण बहुतेक जण त्याच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मते ती आधी नियमाची गोष्ट आहे. परतीचा मार्ग कुलूपबंद केला की संघ आणि खेळाडू दोघेही शरीराला लागणाऱ्या वेळेऐवजी वेळापत्रकाकडे पाहू लागतात, आणि असा गुडघा साधारण नऊ महिने मागतो हे ठाऊक असूनही साडेतीन महिन्यांत मैदानात उतरण्याचा निर्णय होतो.

हे कुलूप उघडायला 2012 उजाडले. त्या वर्षी प्रत्येक संघाला एक, फक्त एक, खेळाडू आयआरवरून परत आणण्याची मुभा मिळाली आणि तो कोण हे यादीत टाकतानाच जाहीर करावे लागे. 2016 पासून आधी जाहीर करण्याची अट गेली आणि 2017 मध्ये एकाचे दोन झाले. खरी मोकळीक महासाथीने दिली. 2020 मध्ये हंगामपूर्व सामने रद्दच झाले होते, कोणाला कधी संसर्ग होईल याचा नेम नव्हता, आणि म्हणून आयआरवरचा मुक्काम किमान तीन सामन्यांवर आला व परत येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादाच राहिली नाही. 2022 मध्ये हा हिशेब पुन्हा आवळला गेला: किमान चार सामने आणि संपूर्ण हंगामात आठ परती. पीयूपी आणि एनएफआय याद्यांवरचा सक्तीचा काळही त्याच वर्षी सहावरून चार सामन्यांवर आला.

आठची मर्यादा मला योग्य वाटते, कारण ती खेळाडू दडवण्याच्या जुन्या सवयीला लगाम घालते आणि तरीही 1997 सारखी कोंडी होऊ देत नाही. पण तिच्यातही बरीच वर्षे एक फट होती. आयआरवर जाऊन परत येऊ शकणारा खेळाडू आधी 53 जणांच्या अंतिम संघात असलाच पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे संघ निवडीच्या दिवशी एखाद्या अनुभवी खेळाडूला सोडत. चार हंगाम झालेल्या खेळाडूवर त्या काळात दुसरे संघ परस्पर हक्क सांगू शकत नसल्याने त्याला ‘उद्या ये’ असे सांगून घरी बसवत, दुखापतग्रस्ताला एक रात्र 53 जणांत ठेवत, दुसऱ्या दिवशी त्याला आयआरवर टाकत आणि मग घरी बसलेल्याशी पुन्हा करार करत. 2024 पासून निवडीच्या दिवशीच दोन खेळाडूंना परतीच्या हक्कासह थेट आयआरवर पाठवता येते, त्यामुळे ही कवायत बरीच कमी झाली. ते दोघे आठांतच मोजले जातात.

पीयूपीचा नियम याहून निराळा आहे. ही यादी फक्त सराव शिबिराच्या सुरुवातीला, शारीरिक तपासणीत नापास झालेल्यांसाठी असते, आणि दुखापत फुटबॉल खेळतानाचीच असावी लागते. शिबिर चालू असेपर्यंत खेळाडू शिबिराच्या 90 जणांच्या संघात मोजला जातो आणि तपासणी उत्तीर्ण होताच त्याच दिवशी बाहेर येऊ शकतो. पण तो एकदा जरी सरावात उतरला, तरी त्याला पुन्हा या यादीत टाकता येत नाही. म्हणून संघ जुलैत जराही शंका असलेल्यांना सरळ पीयूपीवर ठेवतात, आणि त्या बातमीने घाबरून जाण्याचे कारण नसते. अंतिम निवडीच्या दिवशी तोच खेळाडू राखीव पीयूपीवर गेला, तर मात्र पहिले चार सामने नक्की गेले. त्यानंतर सरावाची परवानगी मिळाल्यावर 21 दिवसांत त्याला संघात घ्यावे लागते, नाहीतर हंगाम संपतो. या परतीचा भार आठच्या कोट्यावर पडत नाही, ही संघाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सगळ्यात वादग्रस्त यादी आहे ती एनएफआयची, म्हणजे फुटबॉलबाहेरच्या दुखापतींची. वरवर पाहता ती पीयूपीची जुळी बहीण वाटते, कारण मुदती त्याच आहेत. फरक पैशाचा आहे. पीयूपीवरच्या खेळाडूला पगार मिळतो. एनएफआयवरच्या खेळाडूला पगार देणे संघावर बंधनकारक नाही. दुखापत कराराखालचे काम करताना झाली की नाही, हा त्यामागचा मूळ निकष आहे आणि ‘काम’ कुठे संपते हे ठरवणे अवघड आहे. दुचाकीवरून पडून मनगट मोडले तर शंका उरत नाही. पण जूनमध्ये, संघाच्या मैदानाबाहेर, आपल्याच क्वार्टरबॅकबरोबर पास झेलण्याचा सराव करताना पाय मोडला, तर ते काम नव्हे काय?

फोर्टीनाइनर्सला हा प्रश्न 2020 मध्ये पडला. महासाथीमुळे संघांची सरावकेंद्रे बंद होती, तेव्हा खेळाडूंनी नॅशव्हिलमध्ये आपापला सराव सुरू केला आणि तिथे 19 क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या रिसीव्हरच्या पावलाचे हाड मोडले. शिबिरात त्याचे नाव एनएफआय यादीत आले. पुढे हंगाम सुरू होताना त्याला आयआरवर टाकले गेले. त्या वर्षी आयआरचा मुक्काम तीनच सामन्यांचा होता, त्यामुळे चौथ्या सामन्यात तो परत आला. एनएफआयवरच राहिला असता तर त्या वेळच्या नियमाने किमान सहा सामने गेले असते. मोडलेले हाड तेच होते. यादी बदलल्याने तीन सामने वाचले.

वाद खरा पेटला तो पुढच्या वर्षी. 2021 च्या वसंतात खेळाडूंच्या संघटनेने ऐच्छिक सरावासाठी संघाच्या केंद्रावर जाऊ नका, असा सल्ला दिला होता आणि अनेक संघांतील खेळाडूंनी तो जाहीरपणे मान्य केला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला डेन्व्हरच्या एका टॅकलचा (समोरच्यांना रोखणाऱ्या खेळाडूचा) अकिलिस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, केंद्राबाहेर व्यायाम करताना तुटला. लीगने लगेच सर्व संघांना कळवले की केंद्राबाहेरची दुखापत कराराच्या संरक्षणात बसत नाही आणि तिच्यासाठी पगार देणे बंधनकारक नाही. त्या खेळाडूचे त्या हंगामाचे जवळपास एक कोटी डॉलर पणाला लागले, संघाने त्याला एनएफआयचा शिक्का मारून सोडले, आणि त्याने तक्रार दाखल केली. नियमाच्या अक्षराप्रमाणे संघ चुकला असे म्हणता येत नाही. तरीही रिसीव्हरसारख्या खेळाडूने मार्च ते जुलै धावण्याचा सराव बंद ठेवला तर ऑगस्टमध्ये त्याची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) पहिल्याच आठवड्यात जाईल, हे प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असते. त्याने वर्षभर तयार राहावे ही अपेक्षा संघाची असेल, तर त्या तयारीतली जोखीम एकट्या खेळाडूच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्या कामगार करारात केंद्राबाहेरचा, पण संघाला आधी कळवलेला सराव संरक्षणाखाली आला पाहिजे.

2024 चा उन्हाळा या पार्श्वभूमीवर वाचावा. त्या वर्षी नवख्यांच्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्टच्या) पहिल्या फेरीत घेतलेला नवा रिसीव्हर हॅमस्ट्रिंगमुळे शिबिराच्या सुरुवातीलाच एनएफआयवर होता. तिथून बाहेर आला, आणि 31 ऑगस्टला शहरातल्या युनियन स्क्वेअर भागात लुटीच्या प्रयत्नात त्याच्या छातीतून गोळी आरपार गेली. तो वाचला हेच फार मोठे होते. त्याला पुन्हा एनएफआयवर जावे लागले आणि यादीच्या नियमानुसार पहिले चार सामने गेले. दरम्यान पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर, ज्याने 2023 मध्ये 1,342 यार्ड मिळवले होते, कराराच्या वाटाघाटींसाठी संपूर्ण शिबिर सरावाबाहेर राहिला आणि ऑगस्टच्या अगदी अखेरीस त्याने सही केली. 20 ऑक्टोबरला कॅन्सस सिटीविरुद्ध नवा रिसीव्हर पहिल्यांदा मैदानात उतरला, आणि त्याच दुपारी पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरचे गुडघ्याचे लिगामेंट फाटले. दोघे पूर्ण तंदुरुस्तीने एकत्र खेळत आहेत, असे त्या हंगामात संघाला पाहायलाच मिळाले नाही. तो हंगाम 6 विजय आणि 11 पराभवांवर संपला.

त्यानंतरच्या घडामोडी 2025 च्या आहेत. 19 क्रमांकाचा रिसीव्हर मार्चमध्ये पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात वॉशिंग्टनला गेला. 2024 मध्ये 77 झेल आणि 975 यार्ड मिळवून संघाचा भार उचलणारा रिसीव्हर पोटरीच्या दुखण्याने जवळपास सगळे शिबिर बाहेर बसला, आणि त्याच वेळी त्याला नवा करार हवा असल्याने दुखणे किती व वाटाघाट किती, यावर चाहत्यांत दोन तट पडले. मार्चमध्ये घेतलेल्या एका अनुभवी रिसीव्हरवर पहिल्या तीन सामन्यांची बंदी होती. चौथ्या फेरीतल्या नवख्याचा घोटा 9 ऑगस्टच्या पहिल्याच हंगामपूर्व सामन्यात डेन्व्हरविरुद्ध दुखावला. पोकळी भरायला संघाने ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीकडून एक रिसीव्हर अदलाबदलीने आणला.

हंगामपूर्व सामने 2021 पासून चारऐवजी तीन झाले आहेत, कारण मुख्य हंगाम 17 सामन्यांचा झाला. 2025 च्या तीन सामन्यांत संघाच्या पहिल्या फळीतल्या रिसीव्हरांनी क्वार्टरबॅकबरोबर फारसा वेळ काढला नाही. ही उणीव सप्टेंबरात जाणवेल, आणि पहिल्या तीन सामन्यांत पासचा मोठा भार टाइट एंड आणि रनिंग बॅक या इतर जागांवरच्या खेळाडूंवर पडेल, अशी माझी अपेक्षा होती. तरीही पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरला राखीव पीयूपीवर ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. नियमाप्रमाणे तो सर्वांत आधी 2 ऑक्टोबरच्या लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धच्या सामन्यात दिसू शकत होता. 2024 च्या ऑक्टोबरात फाटलेल्या गुडघ्याला तोवर साडेअकरा महिने होणार होते. त्या तारखेला तो खेळलाच पाहिजे असा आग्रह चाहत्यांनी धरायला नको होता, कारण 21 दिवसांची सरावाची मुदत संघाला हवी तेव्हा सुरू करता येण्यासारखी होती आणि ती घाईने उघडली तर बंदही लवकर होते.