कोकणातील पाणीनियोजन

कोकणातील पाणीनियोजन : पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडलेले पाणी उरलेले आठ महिने गावाच्या हाताशी राहावे, आणि वादळ, पूर किंवा वीज खंडित होणे अशा आपत्तीतही पुरवठा तुटू नये, यासाठी केलेली आखणी.

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. राज्याच्या जेमतेम एक-दशांश भूभागावर राज्यातील भूपृष्ठजलाचा चार-दशांशाहून मोठा वाटा येतो. तरीही एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उंच सपाट माळावरच्या, वाड्यांत टँकर फिरू लागतात. वार्षिक सरासरीच्या आकड्यांवर कोकणाचा हिशेब मांडला की पहिली चूक तिथेच होते. इथला हिशेब महिन्याचा, आणि मे महिन्यात तर दिवसाचा मांडावा लागतो.

कारण जमिनीत आहे. नद्या आखूड, उतार तीव्र. घाटमाथ्यावर पडलेला थेंब एक-दोन दिवसांत खाडीला मिळतो. वर जांभा दगड. तो सच्छिद्र असल्याने पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. जांभ्याखाली चिकणमातीचा घट्ट थर असतो. तिथे अडलेले पाणी सड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. अनेक वाड्या अशा झऱ्यांच्याच आधाराने वसल्या. झऱ्याला दगडी गायमुख, खाली डोणी म्हणजे दगडी कुंडी, पुढे आगरात, नारळ-पोफळीच्या बागेत, नेणारा पाट, मध्ये घळ आली तर पोफळीची पन्हळ. या रचनेला वीज लागत नाही. पण सड्यावरची झाडी तुटली, पायथ्याशी खणकाम झाले, की झरा आधी बारीक होतो आणि मग मार्चमध्येच थांबतो. तेव्हा बायका पहाटे तीनला झऱ्यावर नंबर लावतात आणि खळग्यात साचेल तेवढे पाणी करवंटीने हंड्यात भरतात. एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास जातो. कोणत्याही आराखड्याची कसोटी या खळग्यापाशी लागते.

किनाऱ्यावर प्रश्न वेगळा. भरतीचे पाणी खाडीतून कित्येक किलोमीटर आत शिरते, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उपसा वाढला की गोड्या पाण्याच्या जागी खारे पाणी सरकते. मालवणजवळच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. बेसुमार उपसा केला तर असे गोडे पाणी टिकत नाही, ही जाण गावविहिरीवर पंप बसवताना बहुतेकदा सुटते.

राष्ट्रीय पातळीवर १९८७, २००२ आणि २०१२ च्या जलनीतींनी पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरवले. माप योग्यच आहे. अडचण उद्भवाची, म्हणजे ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी उचलायचे तिची. उद्भव मेअखेर जिवंत राहतो का, हे न पाहता टाकी आणि जलवाहिनी उभी केली तर नळ पावसाळ्यातच वाहतो, जेव्हा त्याची गरज सर्वांत कमी असते.

दुसरीकडे जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांत बेतला जातो : विहिरींचा गाळ काढणे, विंधन विहिरी, तात्पुरत्या पूरक नळयोजना, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि शेवटी टँकर. हा उपचार आहे. त्याला नियोजन म्हणणे कठीण. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्यावर, व्हाळावर, म्हणजे लहान ओढ्यांवर, सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून श्रमदानाने घातलेला वनराई बंधारा अधिक दूरदृष्टीचा. खर्च नगण्य, आणि खालच्या विहिरींची पातळी आणखी काही आठवडे टिकते. पहिल्या पुरात तो वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने घालावा लागतो.

मोठी धरणे कोकणात आहेत, पण त्यांचे पाणी पायथ्याच्या गावालाच मिळेल असे नाही. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे अवजल वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला जाते. ते दूर वळवण्याच्या योजना पुन्हा पुन्हा मांडल्या जातात, तेव्हा नदीकाठच्या गावांचा हक्क आधी मोजला पाहिजे.

आपत्तीत पाणी टिकवण्याचा धडा ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दिला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावे आठवडे अंधारात राहिली, आणि विहिरी भरलेल्या असूनही पंप बंद पडल्याने नळ कोरडे झाले. उतारावरच्या झऱ्यातून नैसर्गिक दाबाने वाडीत येणाऱ्या पाण्याला मात्र विजेची वाट पाहावी लागत नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि माणसे वाहून गेली. म्हणून देखभालीचा खर्च आराखड्यात बांधकामाइतकाच आधी लिहिला पाहिजे. वाडीला एकच मोठी योजना देण्याऐवजी नळ, जुनी विहीर आणि झरा हे तिन्ही वापरात ठेवणे कोकणाला परवडते. नळ आला म्हणून बुजवलेली विहीर टंचाईच्या वर्षी पुन्हा खणता येत नाही.