इंधन संपलं की वीजही जाते

वाळपई असो की पेडणे, मराठी शाळेत अंतराळयानांवर बोलायला उभं राहिलं की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, यान किती ॲव्हरेज देतं?’ गोव्यात दुचाकीवाचून कुणाचं पान हलत नाही, तेव्हा प्रश्न रास्तच. पण यानाला तो लागू पडत नाही. 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडल्यावर आपल्या मंगळयानाचं मुख्य इंजिन जवळपास तीनशे दिवस बंदच होतं. किरकोळ दिशादुरुस्त्या सोडल्या तर सगळा प्रवास आधी घेतलेल्या वेगावर झाला. 22 सप्टेंबर 2014 ला ते इंजिन जेमतेम चार सेकंद पेटवून पाहिलं आणि 24 तारखेला सुमारे 24 मिनिटं चालवलं. तेही वेग वाढवायला नव्हे, कमी करायला. नाहीतर यान मंगळाला बगल देऊन निघून गेलं असतं. जोर 440 न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर साधारण 45 किलो वजन तोलून धरेल एवढाच.

मग उरलेलं इंधन कशाला? तोंड फिरवायला. अँटेना पृथ्वीकडे हवा, सौरपट्ट्या सूर्याकडे. रोजचं वळणं विजेवर फिरणाऱ्या चाकांवर भागतं : चाक एका बाजूला फिरवलं की यान उलट्या बाजूला वळतं. पण सूर्यप्रकाशालाही हलकासा दाब असतो, आणि मंगळयानाच्या तर तिन्ही पट्ट्या एकाच अंगाला होत्या. तो दाब पेलता पेलता चाकांचा वेग वाढत जातो आणि कधीतरी तो उतरवावाच लागतो. तिथे थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं लागतात, म्हणजे इंधन आलं. उलट बाजूने, इंधन जपायला वीज लागते. बऱ्याच यानांत वापरलं जाणारं हायड्रॅझिन हे इंधन सुमारे 2 अंशांवरच गोठतं, म्हणून टाकीला, नळ्यांना, झडपांना हीटर बसवलेले असतात.

मालीम जेटीवरच्या मासेमारी बोटीच्या तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बॅटरी उतरली तर इंजिन सुरू होत नाही, आणि इंजिन बंद तर बॅटरी भरत नाही. फक्त त्याला ओढून आणायला दुसरा ट्रॉलर येऊ शकतो.

सोहो या सौरवेधशाळेला तसं कुणी नव्हतं. युरोप आणि अमेरिकेचं हे यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, आपलं आदित्य-एल1 आज ज्या भागात आहे तिथेच. 25 जून 1998 ला देखभालीच्या कामात चुकीच्या आज्ञा गेल्या, यान गरगरू लागलं आणि सौरपट्ट्यांची कड सूर्याकडे झाली. वीज गेली, संपर्क तुटला, इंधन गोठलं. महिन्याभराने अरेसिबोच्या महाकाय दुर्बिणीतून रडारलहरी सोडून ते जागेवर असल्याची खात्री केली गेली. वाचवलं ते साध्या भूमितीने. गरगरण्याचा अक्ष अवकाशात एकाच दिशेला रोखलेला, पण यान सूर्याभोवती पुढे सरकत होतं. त्यामुळे आठवड्यागणिक पट्ट्यांवर ऊन तिरपं का होईना, वाढत गेलं. 3 ऑगस्टला क्षीण संदेश आला. मग आधी बॅटऱ्या भरल्या, त्या विजेवर टाकीतलं इंधन वितळवलं, नंतर नळ्यांमधलं. मधूनमधून हीटर थांबवून पुन्हा चार्जिंग. 16 सप्टेंबरला थ्रस्टर चालले आणि यानाने सूर्याकडे तोंड केलं. अवकाश मोहिमांच्या इतिहासात इतकी चिवट दुरुस्ती मला तरी दुसरी दिसत नाही.

मंगळयानाच्या नशिबी ते नव्हतं. सहा महिन्यांसाठी बनवलेलं यान जवळपास आठ वर्षं टिकलं. एप्रिल 2022 मध्ये लागोपाठ लांब ग्रहणं आली, म्हणजे यान मंगळाच्या सावलीत गेलं, त्यातलं एक साडेसात तासांचं. बॅटरी मात्र सुमारे 1 तास 40 मिनिटांच्या काळोखाच्या हिशेबाने दिलेली. इस्रोच्या मते इंधनही संपलं असावं, त्यामुळे पट्ट्या हव्या त्या दिशेला धरणं जमलं नाही.

विजेवरच ढकलणारी इंजिनंही आहेत. अमेरिकेच्या डॉन यानात झेनॉन वायूचे कण विद्युतभारित करून प्रचंड वेगाने मागे फेकले जात. जोर कागदाच्या तावाच्या वजनाएवढा, पण महिनोन्महिने सलग. 2018 मध्ये तेही थांबलं, ते तोंड फिरवायचं हायड्रॅझिन संपल्यामुळेच.

1977 मध्ये निघालेल्या आणि सूर्यापासून फार दूर गेलेल्या व्हॉयेजर 1 यानाला ऊन पुरतच नाही, म्हणून त्यात प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी जनित्रं आहेत. सुरुवातीला सुमारे 470 वॅट मिळायचे. दरवर्षी त्यातले चारेक वॅट घटतात. त्याच्या मुख्य थ्रस्टरांपैकी एक संच 2004 मध्ये हीटरची वीज तुटल्यामुळे बाद धरला होता. पर्यायी संचाच्या नळ्या गाळाने चोंदत चालल्या, तेव्हा 2025 मध्ये इंजिनिअरांनी जुना संच पुन्हा जागा करायचं ठरवलं. जोखीम मोठी होती : हीटर सुरू होण्याआधी थ्रस्टर आपोआप पेटले असते तर छोटा स्फोट झाला असता. आज्ञा पाठवली. तिकडून संदेश यायलाच 23 तासांहून जास्त लागतात. 20 मार्चला हीटरचं तापमान झपाट्याने चढल्याचं पडद्यावर दिसलं.