नागरिक समिती (नागपूर)

एखाद्या लेआउटमध्ये, नगरात किंवा वस्तीत राहणाऱ्या लोकांनी पाणी, रस्ते, गडर लाइन (मलवाहिनी), पथदिवे, मैदान, स्वच्छता व शांतता अशा सामायिक प्रश्नांसाठी एकत्र येऊन स्थापन केलेली स्वयंसेवी संघटना म्हणजे नागरिक समिती. नागपुरात ती नागरिक मंडळ, नागरिक कृती समिती, रहिवासी संघ, वस्ती विकास समिती अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाते. उत्तर नागपुरातील अनेक वस्त्यांत बुद्धविहाराची समिती आणि जुन्या शहरात मंदिराची पंच कमिटी हेच काम प्रसंगी अंगावर घेते. सहकारी गृहनिर्माण संस्थेप्रमाणे नागरिक समितीकडे इमारतीची मालकी किंवा व्यवस्थापन नसते, आणि तिचे सदस्य होणे कोणावर बंधनकारकही नसते. रहिवाशांची संमती, पदाधिकाऱ्यांची चिकाटी आणि जपून ठेवलेली कागदपत्रे एवढेच तिचे भांडवल असते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व नागपूरच्या बाबतीत विशेष आहे, आणि त्याचे कारण शहराच्या वाढीत सापडते.

पार्श्वभूमी : नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. दरम्यान शहराच्या नियोजनबद्ध विस्तारासाठी १९३६ च्या स्वतंत्र कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास ही दुसरी संस्था उभी राहिली. भूखंड पाडणे, अभिन्यास म्हणजे लेआउट मंजूर करणे आणि विकासशुल्क घेऊन मूलभूत सोयी पुरवणे हे प्रन्यासाचे काम, तर झालेल्या वस्तीची दैनंदिन देखभाल हे महापालिकेचे, अशी ढोबळ विभागणी होती. शहर मध्यभागापुरते मर्यादित होते तोवर ती बरीचशी निभावलीही. पुढे शहर दक्षिणेला मानेवाडा, हुडकेश्वर व दिघोरीकडे, पूर्वेला वाठोडा व पारडीकडे, उत्तरेला नारीकडे आणि पश्चिमेला जयताळ्याकडे पसरत गेले, तेव्हा गृहनिर्माण संस्थांनी आणि खाजगी विकासकांनी शेतजमिनी घेऊन त्यांवर लेआउट टाकले. यांतील पुष्कळ ठिकाणी अकृषक परवानगीही नव्हती आणि अभिन्यासाला मंजुरीही नव्हती. कष्टाच्या पैशातून लोकांनी आधी प्लॉट घेतला, मग जमेल तसे घर बांधले. रस्ता, नळ आणि गडर लाइन यांची वाट पाहणे त्यानंतर सुरू झाले.

अशा वसाहतींपैकी ५७२ आणि नंतर १९०० अभिन्यासांच्या नियमितीकरणाचे काम सुधार प्रन्यासाने हाती घेतले. या दोन आकड्यांनीच ते लेआउट आजही ओळखले जातात. ‘आमचे लेआउट एकोणीसशेमधले’ एवढे सांगितले की नागपूरकराला पुढचे सगळे समजते. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम २००१ मध्ये आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. नियमितीकरणासाठी भूखंडधारकाला मिळणारी डिमांड नोट, म्हणजे शुल्काची मागणी करणारा कागद, आणि शुल्क भरल्यावर मिळणारे नियमितीकरणाचे पत्र, म्हणजेच बोलीभाषेतले ‘आरएल’, ही दोन कागदपत्रे या वस्त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या केंद्रस्थानी आली.

शुल्क प्रत्येक भूखंडधारकाच्या नावे वेगळे असते, पण रस्ता एका प्लॉटपुरता होत नाही आणि मलवाहिनी एका घरापुरती टाकता येत नाही. निम्म्या लोकांनी पैसे भरले, निम्म्यांनी भरले नाहीत, मूळ मालक गाव सोडून गेला, प्लॉट दोनदा विकला गेला, अशा गुंत्यात सगळ्यांचे हिशेब एकत्र ठेवणारे कोणीतरी लागते. नागपुरातील असंख्य नागरिक समित्या याच गरजेतून जन्मल्या. प्रत्येक घरातून डिमांड नोटची झेरॉक्स गोळा करायची, प्लॉट क्रमांकानुसार ती फायलीत लावायची, राहिलेल्यांच्या दारी जाऊन पैसे भरायला सांगायचे आणि ही फाइल घेऊन कार्यालयात उभे राहायचे, हे समितीचे पहिले काम असे. या कामाला मोर्चाची धग किंवा भाषणाची टाळी मिळत नाही, पण वस्तीला रस्ता मिळाला तो बहुतेक वेळा याच फायलीमुळे.

प्रश्न कोणाचा हे शोधणे हे समितीचे दुसरे मोठे काम. नागपुरात सार्वजनिक जागा आणि सोयी यांची मालकी अनेक यंत्रणांत विभागली आहे. महापालिका व सुधार प्रन्यास यांच्याबरोबर २०१७ पासून शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. धंतोली, रामदासपेठ यांसारख्या भागांत नझूलच्या, म्हणजे शासकीय मालकीच्या, भाडेपट्ट्याच्या जमिनी असल्याने जिल्हाधिकारी कार्यालय येते. विजेचे खांब व डीपी (वीज वितरणाच्या पेट्या) महावितरणकडे असतात. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. सुधार प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय राज्य शासनाने एकदा घेतला आणि पुढे तो मागेही घेतला. त्या काळात कोणत्या लेआउटचे काम कोणत्या कार्यालयाकडे न्यायचे, हे रहिवाशांना नव्याने शिकावे लागले. हुडकेश्वर व नरसाळा ही गावे महापालिकेत आली, तेव्हा तिथल्या लोकांचा व्यवहार ग्रामपंचायतीकडून थेट झोन कार्यालयाकडे गेला. बदलत्या दारांची ही माहिती ज्या समितीकडे असते तिचे अर्ज वाया जात नाहीत.

घटना व नोंदणी : पुष्कळ समित्या नोंदणीशिवायच काम करतात. नोंदणी करायची झाल्यास किमान सात सदस्यांनी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात ती करायची असते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व काही सदस्य अशी कार्यकारिणी, वार्षिक वर्गणी, वर्षातून एकदा आमसभा आणि हिशेब तपासणी ही तिची सर्वसाधारण चौकट. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. ही साधी गोष्ट राहून गेल्यामुळे, किंवा अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहिल्यामुळे, जुनी व नवी कार्यकारिणी दोघीही स्वतःला अधिकृत म्हणवतात आणि ऐन गरजेच्या वेळी समितीची सही कोणाची हाच वाद उरतो. रेल्वे, महालेखापाल कार्यालय, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), वीज मंडळ, बँका आणि शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेली मंडळी पदाधिकाऱ्यांत मोठ्या संख्येने दिसतात, कारण त्यांच्याकडे वेळही असतो आणि टिपणी लिहिण्याचा सरावही. या संघटनांच्या कागदोपत्री शिस्तीचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

कामकाज : समितीची बैठक बहुधा लेआउटच्या मैदानावर, समाजभवनात किंवा मंदिराच्या ओट्यावर रविवारी सकाळी भरते. इतिवृत्ताची वही असते. अर्ज दोन प्रतींत केला जातो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतली जाते. ही पोच नसेल तर स्मरणपत्र कशाच्या आधारावर द्यायचे, असा प्रश्न येतो. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी ही महापालिकेची दहा झोन कार्यालये समितीच्या नेहमीच्या ये-जा करण्याच्या जागा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यांचा वापर आता सरावाचा झाला आहे.

या वापराचे चांगले उदाहरण म्हणजे सिमेंट रस्ते. शहरात टप्प्याटप्प्याने झालेल्या सिमेंटीकरणात अनेक ठिकाणी जुन्या डांबरी थरावरच नवा जाड थर आला, रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याहून वर गेली आणि पावसाचे पाणी रस्त्यावरून नालीत जाण्याऐवजी अंगणात व तळमजल्यावर शिरू लागले. काम झाल्यावर केलेल्या तक्रारीला अशा वेळी फारसा अर्थ उरत नाही, कारण ओतलेले काँक्रीट कोणी उकरत नाही. म्हणून सावध समित्या काम सुरू होण्याआधीच कार्यादेश व अंदाजपत्रकाची प्रत मागतात, त्यात जुना थर काढण्याची तरतूद आहे का, रस्त्याला उतार कोणत्या बाजूने दिला आहे आणि पावसाळी नाली कुठे जोडली आहे हे पाहतात, आणि दोन-तीन घरांच्या फाटकावर सध्याच्या रस्त्याच्या पातळीची खूण करून कनिष्ठ अभियंत्याला ती दाखवतात. तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही पेलणारी ही देखरेख आहे.

ऋतूनुसार विषय बदलतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, घरोघरी कूलर लागतात, पाण्याची मागणी वाढते आणि टेल एंडच्या, म्हणजे जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या, घरांना नळाची धार येत नाही. त्यासाठी वेळा व टँकर यांचा पाठपुरावा चालतो. पावसाळ्यात तुंबलेले चेंबर, डेंग्यू आणि मोकळ्या प्लॉटवरील झाडोरा हे विषय येतात. लग्नसराईत वस्तीतल्या लॉनच्या आवाजाचा प्रश्न असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नात तर समितीवर कायद्यानेच जबाबदारी आली आहे : प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मधील विसाव्या नियमाप्रमाणे खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेने करायची आहे. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, असा आदेश दिला होता व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

लेआउटमधली मोकळी जागा हा समित्यांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय. मंजूर अभिन्यासात मोकळी जागा सोडावी लागते, पण बऱ्याच जुन्या लेआउटमध्ये ती सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या नावावर तशीच राहिली. भाव वाढल्यावर तिच्यावर प्लॉट पाडून विकल्याची प्रकरणे घडली. मैदान वाचवायचे तर मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत मिळवणे, तिथे फलक लावणे आणि कुंपण घालून घेणे हे आधी करावे लागते. त्याच जागेवर मंदिर किंवा अन्य प्रार्थनास्थळ उभे राहिले की समितीतच दोन तट पडतात. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला होता. २०१८ मध्ये नागपुरात अशी बांधकामे हटवण्यात आली तेव्हा अनेक वस्त्यांत तीव्र विरोध झाला.

न्यायालय व लोकप्रतिनिधित्व : उच्च न्यायालयाचे खंडपीठ शहरातच असल्याने जनहित याचिका हे साधन नागपूरकरांना इतर शहरांच्या मानाने जवळचे आहे. धंतोलीतील रुग्णालयांची दाटी आणि त्यामुळे होणारी वाहनांची कोंडी हा प्रश्न तेथील नागरिक मंडळाने याच मार्गाने नेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरांमध्ये पाणी शिरले. त्यानंतर रहिवाशांनी खंडपीठाकडे धाव घेतली, आणि तलावाची सुरक्षितता, सांडव्यासमोरील अडथळे व नदीपात्राची रुंदी यांवर प्रशासनाला न्यायालयात उत्तरे द्यावी लागली. एका रात्रीच्या नुकसानीची तक्रार शहराच्या जलव्यवस्थापनाचा प्रश्न बनली, ती चिखलाने माखलेल्या घरांतल्या लोकांनी एकत्र येऊन कागद पुढे केले म्हणून.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर आलेल्या प्रभाग समित्यांवर अशासकीय व वस्तीपातळीवरील संघटनांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे, आणि २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागाच्या एका भागातील मतदारांच्या सभेची, कल्पनाही कायद्यात आली. प्रत्यक्षात क्षेत्रसभा मूळ धरू शकली नाही आणि प्रभाग समितीवरील जागा पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे जाण्याची प्रवृत्ती राहिली. २०१७ मध्ये नागपुरात ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडले गेले. एका प्रभागात चार नगरसेवक असल्याने कोणाला धरायचे हा प्रश्न होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक आले आणि धरायला नगरसेवकच उरला नाही. त्या काळात झोन कार्यालय आणि वस्ती यांच्यात उभी असलेली संस्था बऱ्याच ठिकाणी नागरिक समिती हीच होती.

तिच्या प्रतिनिधित्वाला मर्यादा आहेत. सदस्यत्व बहुधा भूखंडधारकांना असते. भाडेकरू, लेआउटच्या कडेची झोपडपट्टी, चौकातले भाजीवाले आणि घरकामाला येणाऱ्या बाया यांचा शब्द बैठकीत येत नाही, आणि मग हातगाड्या हटवणे हाच ठराव सर्वांत लवकर मंजूर होतो. पदाधिकाऱ्यांत स्त्रिया कमी दिसतात, जरी पाण्याच्या वेळा आणि कचरागाडीचे वेळापत्रक यांची अचूक माहिती त्यांच्याकडेच असते. झोपडपट्ट्यांतील समित्यांचा लढा वेगळ्या पातळीवरचा आहे, कारण तिथे रस्त्याआधी मालकी पट्ट्याचा प्रश्न असतो : मोजणी, रहिवासाचे पुरावे आणि जमीन महापालिकेची, प्रन्यासाची, नझूलची की रेल्वेची हा निर्णय. शेजारच्या लेआउटची समिती आणि झोपडपट्टीची समिती एकाच नाल्याच्या दोन काठांवर असूनही एकत्र निवेदन दिल्याची उदाहरणे कमी आहेत. नाला तुंबल्यावर पाणी दोन्हीकडे शिरते हे लक्षात घेऊन काही ठिकाणी पावसाळ्यापूर्वीच्या सफाईसाठी मात्र अशी संयुक्त निवेदने दिली जातात.