इंग्रजीतील नवशब्दनिर्मिती

इंग्रजी भाषेत नवे शब्द घडण्याची व रुळण्याची प्रक्रिया. फ्रेंचवर देखरेख करणारी अकादमी १६३५ पासून आहे. इंग्रजीला अशी नियामक संस्था कधीच लाभली नाही. शब्द कोणीही घडवावा, तो टिकवायचा की नाही हे बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी ठरवावे, अशी तिची रीत आहे आणि तिच्या शब्दसंपत्तीचे खरे बळ त्यातच आहे.

अगदी कोरा शब्द क्वचितच जन्मतो. बहुतेक शब्द जुन्याच सामग्रीतून घडतात. ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ यांतून ‘स्मॉग’ झाला, ‘ऑम्निबस’चे शेवटचे अक्षरखंड उरून ‘बस’ झाली, तर ‘रडार’ आद्याक्षरांतून आला. ‘एडिटर’ आधीपासून होता. त्यातला शेवट प्रत्यय समजून काढला गेला आणि ‘एडिट’ हे क्रियापद मिळाले. विभक्तिरूपे बरीचशी झिजल्यामुळे इंग्रजीत नामाचे क्रियापद करायला काही जोडावेही लागत नाही. मराठीत निदान ‘णे’ लागतो.

एखादा शब्द किती वेगाने रुजतो, हे त्याच्या गरजेवर अवलंबून असते. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कुळांनी एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी सर्व व्यवहार तोडले. काही आठवड्यांतच त्याचे आडनाव वृत्तपत्रांत क्रियापद म्हणून वापरले जाऊ लागले आणि लवकरच इतर युरोपीय भाषांतही गेले.

विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानाचा अनुभव अधिक बोलका आहे. १८३४ मध्ये मायकेल फॅरडे यांना विद्युत-रसायनासाठी संज्ञा हव्या होत्या. ह्यूएल यांनी ग्रीकवरून ‘अ‍ॅनोड’, ‘कॅथोड’ सुचवले आणि फॅरडेंनी ते स्वीकारले. त्याच वर्षी ह्यूएल यांनी एका निनावी परीक्षणात ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवरचा ‘सायंटिस्ट’ छापला. तो मात्र ब्रिटनमध्ये अनेकांना ओबडधोबड वाटला, जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले तर १८९४ मध्येही त्यावर नाराज होते. कर्ता एकच, काळही एकच. पण संज्ञांची निकड प्रयोगशाळेला होती, आणि ‘सायंटिस्ट’ने विद्वानांच्या प्रतिष्ठेलाच हात घातला होता.

परभाषांतून उसनवारी हा आणखी एक मोठा मार्ग. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. पुढे व्यापार आणि वसाहतींमुळे भारतीय भाषांतलेही शब्द गेले. इंग्रजीतील ‘मंगूस’ हे आपले मुंगूसच.

शब्दकोश या सगळ्याच्या मागून येतो. ज्या कामातून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उभी राहिली, त्याचा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये सुरू झाला. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. स्वयंसेवी वाचकांनी पुस्तकांतून उतरवून पाठवलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्यांवर ती उभी आहे. आजही नोंदीसाठी वापराचा लेखी पुरावाच पाहिला जातो. ‘सेल्फी’चा २००२ मधला वापर ऑस्ट्रेलियात इंटरनेटवर सापडतो, ऑक्सफर्डने त्याला ‘वर्षाचा शब्द’ ठरवले ते २०१३ मध्ये.