मॅशमध्ये साखर तयार न होणे आणि तयार झालेली साखर मागे राहणे

घरी ऑल-ग्रेन पद्धतीने, म्हणजे थेट माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून), बिअर बनवताना ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रवातल्या साखरेमुळे येणारी घनता, अपेक्षेपेक्षा कमी भरली की सगळा दोष मॅश (गरम पाण्यात भिजवलेले भरडलेले माल्ट) एफिशिएन्सीच्या माथी मारला जातो, आणि मग भरड बारीक करणे, मॅशची वेळ वाढवणे, स्पार्जचे (चोथ्यातली साखर धुऊन काढण्याचे) पाणी अधिक तापवणे असे सारे उपाय एकदमच केले जातात. वस्तुतः मॅश एफिशिएन्सी हा दोन वेगळ्या टप्प्यांचा गुणाकार आहे. माल्टमधील किती स्टार्चची साखर झाली हे कन्व्हर्जन एफिशिएन्सी सांगते. त्या साखरेपैकी किती उकळण्याच्या भांड्यात उतरली हे लॉटर एफिशिएन्सी सांगते. पहिली ९५ टक्के आणि दुसरी ८० टक्के असेल तर हाती ७६ टक्के येतात, आणि आकडे उलटे असले तरी तेवढेच येतात. म्हणून केवळ शेवटच्या आकड्यावरून दुखणे कुठे आहे ते कळत नाही.

ते कळते स्पार्जच्या आधी. एक किलो माल्टला तीन लिटर पाणी घेतले असेल आणि रूपांतर पूर्ण झाले असेल, तर पहिल्या वॉर्टची (मॅशमधून निघणाऱ्या गोड द्रवाची) ग्रॅव्हिटी १.०८५ च्या आसपास यायला हवी. मॅश नीट ढवळून घेतलेला आणि थंड केलेला नमुना १.०७० दाखवत असेल, तर जवळपास एक पंचमांश अर्क अजून दाण्यातच अडकलेला आहे. आयोडीनच्या चाचणीपेक्षा मी या मोजणीवर अधिक विश्वास ठेवतो, कारण आयोडीनचा रंग काळपट झाला नाही याचा अर्थ द्रवात स्टार्च उरला नाही एवढाच असतो; न भिजलेल्या जाड कण्यांच्या पोटातला स्टार्च त्या चाचणीला दिसतच नाही.

अशा वेळी पहिला संशय भरडीवर घ्यावा. मूठभर भरड ताटात पसरून पाहिली तर एकही सबंध दाणा दिसता कामा नये, मात्र फोलपटे शक्य तितकी अखंड राहायला हवीत, कारण पुढे गाळण्याचे काम त्यांनाच करायचे असते. त्यानंतर मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान आहे का, तापमान ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला टिकते का आणि कोरड्या गुठळ्या राहिल्या आहेत का, हे पाहावे. रूपांतर संथ असेल तर साठऐवजी नव्वद मिनिटे दिल्याने खरोखर फरक पडतो.

पहिल्या वॉर्टची ग्रॅव्हिटी बरोबर असूनही शेवटी तूट येत असेल, तर वरच्या उपायांनी काहीही साधणार नाही. पाच किलो माल्टचा चोथा साधारण पाच लिटर द्रव धरून ठेवतो. सगळे तीस लिटर पाणी एकदमच घालून पंचवीस लिटर वॉर्ट काढले, तर साखरेचा सहावा हिस्सा चोथ्यात राहतो. तेच पाणी दोनदा विभागून, दोन्ही वेळा साडेबारा लिटर वॉर्ट निघेल असे घातले आणि दुसऱ्या पाण्यानंतर मॅश तळापासून ढवळला, तर मागे राहणारी साखर आठ टक्क्यांवर येते. नळाखाली अडकणारा द्रव यात आणखी भर घालतो. सतत पाणी सोडून स्पार्ज करणाऱ्यांनी वॉर्ट सावकाश काढावे, नाहीतर थरात चर पडून पाणी त्यातूनच निसटते. स्पार्जचे पाणी ७७ अंशांपुढे तापवू नये. त्याने साखरेपेक्षा फोलपटांतला तुरटपणाच अधिक उतरतो.

तेवढेच वॉर्ट आठ किलो माल्टपासून काढायचे असेल, तर दोनदा पाणी घालूनही सुमारे पंधरा टक्के साखर मागे राहते, मग रूपांतर कितीही चोख झालेले असो. कडक बिअरच्या पाककृतीत एफिशिएन्सी आधीच कमी धरून माल्ट वाढवावे, किंवा जास्त पाण्याने धुऊन वॉर्ट अधिक वेळ आटवावे.