गोट्यांची घरे आणि कालव्यावरचे गवंडी

न्यूयॉर्क राज्यातील चाइल्ड्स गावी, कॉबलस्टोन (म्हणजे गोल दगडी गोटे) संग्रहालयाच्या आवारात, 1834 चे गोट्यांचे चर्च आणि त्याच्या शेजारचे 1840 च्या सुमाराचे घर जपलेले आहे. अशी घरे मालवाहतुकीसाठी खोदलेला इरी कालवा 1825 मध्ये पूर्ण झाल्यावर बेकार झालेल्या गवंड्यांनी पोटासाठी बांधली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. कथा गोड आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. यांतील बहुतेक घरे 1835 ते 1860 या काळातील आहेत, आणि कालव्याच्या रुंदीकरणाचे काम 1836 मध्येच सुरू झाल्यामुळे गवंड्यांना काम नव्हते, असे म्हणणे कठीण आहे.

शिवाय कालव्यातल्या लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या कोठ्यांच्या, भिंतींना मोठे घडीव दगड लागत. या घरांत मात्र हिमनद्यांनी आणून टाकलेले, काही ऑन्टारिओ सरोवराच्या लाटांनी गुळगुळीत केलेले मुठीएवढे गोटे चुन्यात ओळीने बसवून त्यांच्यामधले चुन्याचे सांधे रेखीवपणे उठवलेले दिसतात. ही कारागिरी निराळीच. एखाददुसरा गवंडी दोन्हीकडे राबला असेलही. परंतु कालव्याचा खरा हातभार पैशाचा होता, कारण गहू स्वस्तात बाजारपेठेपर्यंत पोहोचू लागल्याने शेतकऱ्यांना पक्की घरे परवडू लागली.