पांडाजमधील प्रमाण विचलन

पांडाज ही पायथन भाषेतली डेटा-विश्लेषणाची लायब्ररी. वेस मॅकिनी यांनी २००८ साली तिचे काम सुरू केले. तक्त्याच्या प्रत्येक अंकी कॉलमचे प्रमाण विचलन, म्हणजे त्यातले आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत याचे माप, ती ‘एसटीडी’ या मेथडने काढते. (पिवळ्या टेलिफोन बूथशी संबंध नाही.)

नवशिक्याचा गोंधळ उडतो तो भाजकापाशी. १०, २०, ३० हे तीन आकडे घ्या. सरासरी २०, फरकांच्या वर्गांची बेरीज २००. पांडाज तिला २ ने भागते, आलेल्या १०० चे वर्गमूळ काढते आणि उत्तर देते १०. तेच आकडे नमपाय या पायथनच्याच आकडेमोडीच्या लायब्ररीला दिले तर भाजक ३ होतो आणि उत्तर येते ८.१६. दोन्ही बरोबर आहेत. पांडाज हातातल्या आकड्यांना नमुना मानते, म्हणून संख्येतून एक वजा करते. या दुरुस्तीला जर्मन गणितज्ञ बेसेल यांचे नाव आहे. नमपाय त्यांनाच संपूर्ण समष्टी, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा ते सगळेच आकडे, धरते. हा वजा करायचा आकडा ‘डीडीओएफ’ या मेथडच्या पर्यायाने ठरवता येतो: पांडाजमध्ये तो न सांगता १ असतो, नमपायमध्ये ०. हजारो ओळींच्या तक्त्यात हा फरक जाणवतही नाही, चार-पाच ओळींत मात्र डोळ्यांत भरतो. कॉलममध्ये एकच आकडा असेल तर पांडाज शून्य न देता ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) देते, कारण भाजकच शून्य होतो. रिकाम्या जागा ती आपोआप वगळते आणि भाजकही तेवढ्याने कमी धरते.

तक्त्यात नावे, गावे असे मजकुराचे कॉलम असले तर पूर्वी ते गुपचूप गाळले जात. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून अशा वेळी एरर येते. ‘न्यूमरिक ओन्ली’ या पर्यायाला ‘ट्रू’ (हो) दिले की फक्त अंकी कॉलम घेतले जातात. बदल त्रासाचा वाटला तरी योग्यच होता. कारण ‘१,२०,०००’ असे स्वल्पविराम टाकलेले पगार सीएसव्हीतून (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्याच्या फाइलीतून) मजकूर म्हणून वाचले जातात, आणि तो कॉलम उत्तरातून गायब झाला तरी कुणाच्या लक्षात येत नसे. ‘न्यूमरिक ओन्ली’ लावल्यावर तो आजही गायबच होतो, त्यामुळे फाइल वाचतानाच ‘थाउजंड्स’ या पर्यायाला स्वल्पविराम सांगून ठेवावा. उलट पिनकोड अंकी असतो, म्हणून पांडाज त्याचेही प्रमाण विचलन, त्याला काही अर्थ नसला तरी, बिनदिक्कत काढून देते.